केसपेपरवर ॲप लिहायचं तर

‘तुम्ही आज औषध घेतलं का?’ सकाळी ८ वाजता मोबाईलवर मानसिक आरोग्याच्या ॲपचा असा मेसेज येतो. ज्यानं तो लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर गोळ्यांचं पाकीट होतं. पण यवतमाळ-वाशीमकडच्या कास्तकाराच्या घरात ‘औषध’ म्हणजे आधी फवारणीचं औषध. ‘अमक्यानं औषध घेतलं’, म्हणजे विष प्यायला, हे वाक्य कानावर आलं की माणसं हातातलं टाकून गाडी शोधायला धावतात. उदास माणसाच्या फोनवर रोज सकाळी हाच प्रश्न यावा आणि खाली ‘हो’, ‘नाही’ अशी दोन बटणं असावीत, हे इथल्या कोणत्याही डॉक्टरच्या अंगावर काटा आणणारं आहे. ‘गोळी घेतली का?’ एवढा बदल पुरतो. पण तो सुचवायला इथल्या कोणाला विचारलेलंच नसतं. मानसिक आरोग्याच्या ॲपबद्दल ग्रामीण डॉक्टरांच्या मनात जी अढी आहे, तिची सुरुवात अशा ठिकाणी होते.

या अढीला मोबाईलची भीती समजू नये. हाच एमओ (सरकारी दवाखान्यातला वैद्यकीय अधिकारी) छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतो आणि पंधरा मिनिटांत उत्तर मिळवतो. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर तज्ज्ञांशी बोलतो. पोर्टलांवर एंट्र्या तर इतक्या करतो की विचारू नका. ईसीजी पाठवताना पलीकडे कोण आहे हे त्याला ठाऊक असतं आणि उत्तर त्याच्याकडेच परत येतं. ॲपचं तसं नाही. पेशंट फोन घेऊन घरी गेला की पुढचं काही कळत नाही. त्यानं तिसऱ्या दिवशी ॲप काढून टाकलं, की रात्री २ वाजता त्यात ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं, डॉक्टरला दोन्ही सारखंच अंधारात. मात्र काही बरंवाईट झालं तर गावात नाव निघतं ते चिठ्ठी लिहिणाऱ्याचं.

गोळीबद्दल त्याला बरंच माहीत असतं. नैराश्यावरची एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम: परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे, सुरुवातीला मळमळ, एकदम बंद करायची नाही, उन्मादाचा (अतिउत्साहाच्या आजाराचा) इतिहास असेल तर जपून. ॲपबद्दल असं कागदावर काहीच नसतं. एमआर, म्हणजे कंपन्यांचे प्रतिनिधी, येतात ते गोळ्यांचे; ॲपचा एमआर तालुक्याला कोणी पाहिलेला नाही. (येईल तेव्हा पेनही डिजिटलच देईल बहुतेक.) त्यातून कंपनीचा भरवसा नाही. अमेरिकेत २०१७ साली डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या पहिल्या व्यसनमुक्ती ॲपला परवानगी मिळाली. ती मिळवणारी पेअर थेरप्युटिक्स २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. वोबॉट हे गाजलेलं चॅटबॉट ॲप ३० जून २०२५ ला बंद झालं. गोळीची एक कंपनी बुडाली तर तीच गोळी दुसऱ्या नावानं मेडिकलवर मिळते. ॲप बंद पडलं तर त्यातल्या चौथ्या धड्यावरचा पेशंट तिथंच लटकतो. जर्मनीत २०२० पासून ठरावीक ॲप डॉक्टर रीतसर लिहून देतात आणि पैसे विमा भरतो. तपासून यादीत घेतलेलं ॲप आणि प्ले स्टोअरवर पहिल्यांदा दिसलेलं ॲप यांत किती फरक आहे, हे त्यावरून लक्षात यावं. आपल्याकडे तशी यादी नाही, म्हणून निवडीची सगळी जोखीम एकट्या डॉक्टरच्या डोक्यावर.

शंका घ्यायला आकड्यांचाही आधार आहे. २०१९ साली ९३ मानसिक आरोग्य ॲपच्या प्रत्यक्ष वापराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲप घेतल्यावर पंधराव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ३.९ टक्के होतं आणि तिसाव्या दिवशी ३.३ टक्के. म्हणजे शंभरातले शहाण्णव पंधरवड्यात गळाले. हेच धडे मधूनमधून फोन करणाऱ्या माणसाच्या सोबतीनं दिले तर जास्त लोक टिकतात आणि गुणही जास्त येतो, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून ‘ॲप चालतं का?’ या प्रश्नाला अर्थ नाही. ते कोणाच्या सोबतीनं चालतं, एवढंच विचारायचं.

पण सरसकट नाही म्हणणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. ‘टेन्शन’ घेऊन आलेल्या बाईला सध्या तालुक्याला काय मिळतं? बी-कॉम्प्लेक्सची सुई, एक सलाईन आणि अल्प्राझोलाम ही चिंतेवरची गोळी. ही गोळी वर्षानुवर्षं चालू राहते, तिची सवय लागते, ती सोडताना झोप उडते आणि मग ‘रोग परत आला’ म्हणून पुन्हा तीच. तिच्यासाठी कोणी पुरावा मागत नाही. ॲपसाठी मात्र मोठ्या अभ्यासाचा आग्रह. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या त्रासांमध्ये उपचार न मिळालेले सुमारे ८५ टक्के निघाले होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयात ठरल्या दिवशी येतात आणि संध्याकाळी परत जातात. मधले दिवस कोणाच्या भरवशावर काढायचे?

तेव्हा लिहायचं तर गोळीसारखंच लिहायचं: कोणाला, किती, किती दिवस, कोणाला नाही, आणि बघणार कोण.

आधी ‘कोणाला नाही’. थकवा, धडधड, झोप नाही, मन लागत नाही म्हणून आलेल्या पेशंटचं हिमोग्लोबिन पहा. विदर्भात सिकलसेल आहे, त्यामुळे त्याची सोल्युबिलिटी चाचणी राहिली असेल तर ती करून घ्या. शक्य असेल तर थायरॉईडची टीएसएच चाचणी. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आलेल्या माणसाला ‘फवारणी कधी केली?’ हे विचारायलाच हवं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत डोकं दुखतं, गरगरतं, घाम येतो, मळमळतं, जीव घाबरतो. तोंडावर फडकं न बांधता चार दिवस पंप पाठीवर वागवलेल्या माणसाला चिंतेचं ॲप देणं म्हणजे शुद्ध बावळटपणा. मग उन्माद: ‘आयुष्यात कधी असे दिवस गेले का की झोप नसूनही अंगात जोर होता, पैसे उधळले, बोलणं थांबत नव्हतं?’ उत्तर हो आलं तर ॲप नाही आणि नुसतं नैराश्याचं औषधही नाही. तो तज्ज्ञाचा पेशंट. ऐकू येणारे आवाज, संशय, बाळंतपणानंतरचा गोंधळ, हेही तसंच.

आणि दारू. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथं फोनवरच्या प्रश्नावलीत कोणी खरं लिहील ही अपेक्षाच चूक. आपलं उत्तर पोलीस ठाण्यापर्यंत जाईल असं लोकांना वाटतं. हे तोंडी विचारायचं, दार लोटून, आणि बायको बाहेर बसलेली असताना. रोज पिणारा माणूस ॲपच्या जोरावर एकदम थांबला तर पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरणं, भास, झटके येऊ शकतात. त्याला थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), भरती आणि देखरेख लागते.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची यादी जवळपास प्रत्येक ॲपमध्ये असते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र, २० पासून तीव्र. हे प्रश्न पेशंटच्या हातात फोन देऊन सोडवून घेतले की गडबड होते. ‘काम करण्यात रस किंवा आनंद कमी वाटणे’ हे छापील वाक्य वाचून वावरात राबणारा माणूस ‘नाही’ वरच बोट ठेवतो, कारण काम तर तो करतोच आहे. न करून सांगतो कोणाला? त्यालाच ‘भाऊ, यंदा पोळ्याले बैल सजवाची हौस होती का?’ असं विचारा. तो जरा गप्प राहतो आणि मग म्हणतो, ‘पोरानं सजवले. मी बसूनच होतो.’ झाले की दोन गुण.

उलटही होतं. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि शेतीपंपाची लाईन (वीज) रात्रीची, म्हणजे झोप मोडणारच. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकात शिरतात म्हणून मळ्यात जागल असते. सोयाबीनच्या सोंगणीत थकवा कोणाला नसतो? झोप आणि थकवा या दोन प्रश्नांवरच सहा गुण चढतात आणि ॲप लाल रंग दाखवतं. म्हणून त्या दोन प्रश्नांना जोडून विचारायचं: ‘लाईन दिवसाची असते त्या आठवड्यात झोप लागते का?’ लागत असेल तर गुण पाण्याचे आहेत, मनाचे नाहीत.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो ॲपवर कधीच सोपवू नये. स्वतः विचारावा, सरळ: ‘यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का?’ विचारल्यानं कल्पना सुचते हा गैरसमज आहे. होकार आला तर पुढचं लगेच: काही ठरवलं आहे का, आधी कधी केलं होतं का, घरात फवारणीचं काय आहे आणि कुठं ठेवलं आहे? उरलेले डबे त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या माणसानं कुलपात टाकायचे किंवा भाऊबंदांच्या घरी हलवायचे. ‘लपवून ठेवा’ एवढं सांगून भागत नाही, कारण शेतकऱ्याला आपल्या घरातले सगळे कोपरे ठाऊक असतात. बेत पक्का असेल तर पेशंटला एकटं सोडायचं नाही. १०८ बोलवा, तज्ज्ञाकडे पाठवा. नुसते विचार असतील तरी त्या दिवशी ॲप लिहायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मात्र प्रत्येकाच्या केसपेपरवर हवा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चोवीस तास, फुकट आणि मराठीतही आहे. तिला इंटरनेट लागत नाही, बटणाच्या फोनवरून लागते. पहिला फोन ओपीडीतूनच लावून द्यावा. एकदा पलीकडचा आवाज ऐकला की दुसऱ्यांदा माणूस आपणहून लावतो. नुसता नंबर लिहिलेला कागद खिशातच धुतला जातो.

आता फोन. ‘स्मार्टफोन आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण उत्तर बहुतेक हो येतं. विचारायचं ते हे: दिवसभर कोणाकडे असतो? सिम कोणाच्या नावावर? रिचार्ज कधी संपतो? लॉक आहे का आणि ते अजून कोणाला माहीत? सिम पुण्याला कंपनीत असलेल्या पोराच्या नावावर असतं. ॲपमध्ये रजिस्टर करतानाही त्याचाच नंबर टाकला जातो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. बाईचा फोन संध्याकाळी नवऱ्याच्या हातात असतो आणि सुटीत भाच्याच्या. नोटिफिकेशन तोच मोठ्यानं वाचतो. मार खाणाऱ्या बाईच्या फोनवर ‘आज तुमचं मन कसं आहे?’ असं लिहून येणं धोक्याचं आहे. तिथं ॲप नकोच. आशाताईची चक्कर बरी. बाकीच्यांसाठी नोटिफिकेशन बंद करून द्या, धडे ऑफलाइन उतरवून द्या आणि स्टोरेज पहा. निम्मी जागा सुप्रभातच्या फोटोंनी भरलेली असते, ती पेशंटसमोरच मोकळी करावी लागते.

या सगळ्याला १० ते १२ मिनिटं जातात. सकाळच्या ओपीडीत एमओकडे प्रत्येकी दोन मिनिटं असतात. त्यानं ही कसरत करू नये. निदान आणि चिठ्ठी त्याची. फोन लावून देणं समुपदेशकाचं किंवा उपकेंद्रावरच्या सीएचओचं (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं). सीएचओ मंडळी तरुण, फोनला सरावलेली. त्यांचा धोका उलटा, सगळ्यांनाच ॲप द्यायचा. म्हणून वरचा ‘कोणाला नाही’ हा भाग त्यांच्याकडे छापून टेबलाच्या काचेखाली असावा.

चिठ्ठी कशी दिसावी? साधारण अशी: ‘वर्तन-सक्रियतेचे ऑडिओ धडे, आठवड्यातून २, प्रत्येकी १५ मिनिटं, सकाळी चहानंतर, ६ आठवडे. फोन स्वतःचा. सीएचओ दर मंगळवारी फोन करतील. पीएचक्यू आज १३. पुन्हा ३ आणि ६ आठवड्यांनी. मरणाचे विचार, झोप पूर्ण उडणं, दारू वाढणं: ॲप थांबवा, लगेच या. १४४१६.’ गुण १० ते १४, नववा प्रश्न शून्य, वाचता किंवा ऐकून समजता येतं आणि घरात एक तरी माणूस सोबतीला, असा पेशंट यासाठी चांगला. १५ च्या पुढे गोळी किंवा समोरासमोरचा उपचार आधी, ॲप झालंच तर जोडीला.

वर्तन-सक्रियतेला नाव जड आहे, काम साधं. मन लागेल तेव्हा करू, असं थांबायचं नाही. लहानसं काम ठरलेल्या वेळी करायचं, मन मागून येतं. अडचण उदाहरणांची. धड्यातला माणूस बागेत फिरायला जातो, मित्रासोबत कॉफी पितो. वावरात आधीच दहा तास चालणाऱ्याला ‘चालायला जा’ सांगितलं तर तो ॲप बंदच करेल, आणि बरोबरच करेल. त्याच्या दिवसातून काय गळलं ते शोधा. पारावर बसणं बंद झालं असेल, मंगळवारचं भजन सुटलं असेल, कर्जाची गोष्ट निघेल म्हणून लग्नाकार्याला जाणं टाळत असेल. मग पहिल्या आठवड्याचं काम: दोन संध्याकाळी पारावर दहा मिनिटं, बोललं नाही तरी चालेल. दुसऱ्या आठवड्याचं: बँकेची नोटीस पाकिटातून काढून एकदा वाचणं, सोबत भाऊ. हे काम ॲपला सुचत नाही, सीएचओला सुचतं. ॲप ते लक्षात ठेवतं आणि ऐकवतं. तेवढ्यासाठी ते उत्तम आहे.

झोपेच्या ॲपबाबत वेगळी सूचना. त्यांचा गाभा अंथरुणातला वेळ मुद्दाम आवळण्याचा असतो: सरासरी साडेपाच तास झोपत असाल तर तेवढाच वेळ अंथरुणात, रोज उठायची वेळ एकच. निद्रानाशावर याचा गुण चांगला येतो. पण सुरुवातीचे आठवडे माणूस दिवसा पेंगतो. थ्रेशरवर काम करणारा, ट्रॅक्टर चालवणारा, रात्री बांधावर सापकिरडूत फिरणारा, यांना ते नको. मिरगी असेल तर नको, उन्मादाचा आजार असेल तर अजिबात नको. झोप तुटली की दोन्ही उसळतात. रात्रीची लाईन चालू असेपर्यंत हा कोर्स सुरूच करू नये. एकच वेळ पाळणं त्याच्या हातात नाही, वीज कंपनीच्या हातात आहे.

मंगळवारचा फोन पाच मिनिटांचा. धडा ऐकला का, ठरलेलं काम झालं का, नसेल तर काय आडवं आलं, झोप-भूक कशी, आणि नववा प्रश्न पुन्हा. ‘का नाही ऐकलं?’ असं दरडावलं की पुढच्या मंगळवारी फोन उचलला जात नाही. लागोपाठ दोन फोन उचलले नाहीत तर आशाताईनं घरी जायचं, हा नियम आधीच ठरलेला हवा. तिसऱ्या आठवड्याला ५ गुणांची घट म्हणजे चाल बरोबर आहे. काहीच हललं नाही तर गोळीचा विचार. आणखी तीन आठवडे ॲपवर काढू नयेत. सहाव्या आठवड्याला गुण निम्म्यावर आले तर प्रतिसाद मिळाला, ५ च्या खाली गेले तर बरा म्हणायचा.

कायद्याची बाजू थोडक्यात. टेलिमेडिसिनची २५ मार्च २०२० ची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेनं पेशंटला समुपदेशन करायचं नाही, औषध लिहायचं नाही, ती डॉक्टरला मदत करू शकते, निर्णय डॉक्टरचा. म्हणून गप्पा मारणारा चॅटबॉट ‘समुपदेशक’ म्हणून केसपेपरवर लिहू नका, कितीही गोड मराठी बोलत असला तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे. पीएचक्यूचे गुण ‘आरोग्य केंद्र’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटच्या नावासकट टाकणं त्यात बसत नाही, आणि नेमकं तेच सर्रास होतं.

मेळघाटात कोरकू आणि भामरागडकडे माडिया बोलणाऱ्यांसाठी मराठी ॲपही परकंच. तिथं फोन कार्यकर्त्याच्या हातात असावा आणि बोलणं त्यांच्या भाषेत व्हावं.

हे जमण्यासारखं आहे का, याचं उत्तर विदर्भातच एकदा मिळालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम झाला, तेव्हा गावपातळीवरचे कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि गावाजवळ येणारे मानसोपचारतज्ज्ञ अशी उतरंड होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेले ४.३ टक्क्यांवरून १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. ती उतरंड गावात माहितीतल्या माणसांची होती. ॲपला तिच्यात जागा द्यायची तर कार्यकर्त्याच्या पिशवीत द्यायची, त्याच्या खुर्चीत नाही.

फेरतपासणीची तारीख बाजाराच्या दिवशी द्या. त्या दिवशी पेशंट तालुक्याला येतोच, भाड्याचे पैसे वेगळे लागत नाहीत आणि ‘दवाखान्यात कायले गेल्ता?’ असं गावात कोणी विचारत नाही.